मेण लावलेली छागल

मित्रांनो, मी एक जुनी छागल आहे. छागल म्हणजे काय, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसेल आणि त्यात तुमचा काही दोष नाही. तुमच्या गळ्यात आता प्लॅस्टिकच्या रंगीत बाटल्या लटकत असतात. आमच्या काळी प्रवासाला निघालेला माणूस जाड कापडाची एक पिशवी पाण्याने भरून बरोबर घेत असे. वर दोरी, एका कोपऱ्याला लाकडी तोंड, त्याला बूच. तीच मी. सध्या नागपुरात सक्करदऱ्याच्या एका लहानशा घरात, मागच्या दाराजवळ खिळ्याला टांगलेली असते. माझ्या बुडाला भोक पडले आहे, दोरी कुजली आहे आणि खरे सांगायचे तर आता बोलण्याचाही कंटाळा येतो. पण एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. ती सांगते आणि मग खुशाल गप्प बसते.

माझा जन्म १९६५ सालचा, इतवारीतल्या एका ताडपत्रीच्या दुकानातला. तिथे बाबाराव नावाचे कारागीर होते. ट्रकवर घालायच्या ताडपत्र्या शिवून झाल्या की उरल्या वेळात ते छागली शिवत. त्यांचे मशीन इतके जड होते की पायडल मारून मारून संध्याकाळी त्यांना जिना उतरवत नसे. शिवण पुरी झाली की ते तोंडाने हवा भरून मला फुगवत, कानाशी धरून ऐकत आणि समाधान झाले तरच खुंटीला लावत. आम्ही बारा जणी त्या खुंटीवर होतो. बाकीच्या अकरा कुठे गेल्या, कुणास ठाऊक.

मला विकत घेतले इंदूबाईंनी. त्यांचे यजमान आनंदराव रामटेके रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. उन्हाळ्यात शेडमध्ये वर पत्रा आणि समोर धगधगते इंजिन, तेव्हा त्यांना निदान थंड पाणी तरी मिळावे म्हणून ही खरेदी. बाबारावांनी मला त्यांच्या हातात देताना बजावले, "बाई, पहिले दोन दिवस हिले पाण्यात बुडवून ठेवा. साबण लावू नका. अन् गळते म्हणून घाबरू नका. गळू द्या. बाहेरून ओली राहीन, तरच अंदरचं पाणी थंड राहीन." इंदूबाईंनी ते असे ऐकले की जणू डॉक्टरच औषध सांगत आहेत. घरी येईपर्यंत त्या मनातल्या मनात ते घोकत होत्या, हे मला त्यांच्या काखेत असताना चांगले कळत होते.

मग माझी नोकरी सुरू झाली. सकाळी आनंदरावांच्या सायकलच्या दांडीला लटकून अजनीच्या क्वार्टरातून शेडमध्ये जायचे, दिवसभर तिथल्या खांबाला टांगून राहायचे आणि संध्याकाळी रिकामी होऊन परत यायचे. मे महिन्यात शेडमध्ये माझ्याभोवती माणसांची रांग लागे. कोळशाने काळे झालेले क्लीनर, फायरमन, सगळे ओंजळ पुढे करत. "आनंदराव, तुमच्या छागलीचं पाणी म्हणजे बरफ आहे गा!" असे कुणी म्हटले की मला उगीचच फुगल्यासारखे वाटे. स्तुती कुणाला आवडत नाही? मला तर फारच आवडे.

आनंदराव मात्र माझ्यावर कधी पुरते खूश झाले नाहीत. कारण मी गळत असे. मित्रांनो, त्यांचा सारा जन्म गळती थांबवण्यात चालला होता. इंजिनात वाफ कुठून फुसफुसते आहे, तेल कुठून ठिबकते आहे, हे ते डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगत. त्यांच्या हातून गेलेले इंजिन एक थेंब गाळत नसे. त्यामुळे माझ्याखाली साचलेले ओले वर्तुळ पाहिले की त्यांच्या कपाळाला आठी पडे. "इंजिन गळलं तर साहेब मले बोलते," ते म्हणत, "अन् ही गळते तर सारे वा वा करतेत!" वाफेच्या संगतीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला माझा गारवा कुठून येतो हे कळू नये, याचे मला नवल वाटे. त्यांना वाटे, कापड जाड आहे म्हणून पाणी थंड राहते. शहाणा माणूस एकदा चुकीची समजूत करून बसला की ती हलवायला फार जोर लागतो.

संध्याकाळी माझा मुक्काम स्वयंपाकघराच्या खिळ्यावर असे. तिथून मला इंदूबाईंचा दिवस दिसे. पहाटेचे पाणी, डबा, दोन मुलींच्या वेण्या, धुणे, दळण, सरपण, पुन्हा स्वयंपाक. थोरली विशाखा आणि धाकटी उत्पला. दोघींना पाणी देऊन, आनंदरावांना गिलास भरून देऊन, आलागेला कुणी असेल त्याला देऊन, मग तळाशी काही उरले तर त्या पीत. कुणी विचारलेच तर म्हणत, "मले तहान नाही." हे वाक्य त्या इतक्या सहज म्हणत की घरातल्या सगळ्यांनी ते खरे धरले होते. मीसुद्धा.

१९६९ साली आनंदरावांनी शेडमधून रेल्वेचे कॅलेंडर आणले. त्यातल्या एका पानावर वाळवंटातल्या डोंगराचे चित्र होते. तांबडे, उघडे दगड, त्यातून वर जाणारी एक पायवाट आणि वर निळे आकाश. ना देऊळ, ना झाड, ना माणूस. वर्ष संपल्यावर इंदूबाईंनी तेवढे पान फाडून कणकेच्या खळीने चुलीसमोरच्या भिंतीवर चिकटवले. विशाखाने विचारले, "माय, याच्यात काय आहे पाहासारखं?" भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "पाह्य ना वं, या चित्रात कोणीच काम करून नाही राहिलं."

तेव्हा सगळे हसले. पण मग त्या हळूच पुढे बोलल्या. त्या नागपूरबाहेर गेल्या त्या लग्नाला, बाळंतपणाला नाही तर मयतीला. भिवापूरला माहेरी गेल्या तरी मिरच्या खुडायला बसल्या. जिथे गेल्या तिथे भांडी घासली. "एकदा असं जायचं, जिथं मले काही करायचं नाही," त्या म्हणाल्या. "नुसतं चढायचं, वर जाऊन बसायचं अन् उतरायचं." एवढीच त्यांची इच्छा होती. इतकी लहान की कुणाच्या ध्यानातही राहू नये. पण आनंदरावांच्या ध्यानात राहिली, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

१९७१च्या एप्रिलमध्ये मुलींच्या परीक्षा संपल्या आणि आनंदरावांनी रेल्वेचा पास काढून आणला. थेट राजस्थानातला. चित्राखाली छापलेले त्या डोंगराचे नाव आणि स्टेशन त्यांनी शेडमध्ये विचारून विचारून पक्के केले होते. शेजारच्या प्रयागबाई बातमी ऐकून लगबगीने आल्या.

"तिथं कोणता देव आहे वं, इंदू?"

"देव नाही, बाई."

"देव नाही? मंग डोंगरावर काहून जाता, बाप्पा?"

आतून आनंदराव ओरडले, "देव नाही म्हणूनच जाऊन राहिलो, वहिनी!"

प्रयागबाईंनाही हसू आवरेना. आपल्याकडे डोंगर म्हटला की पायऱ्या आणि पायऱ्या म्हटल्या की वर देऊळ. नुसते फिरायला म्हणून घामाघूम होणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. या घरातले देव तर १९५६ सालीच निरोप घेऊन गेले होते. त्या वर्षी पांढरे कपडे घालून हे दोघे नवराबायको दीक्षाभूमीवर उभे राहिले होते, आणि ती गोष्ट इंदूबाई अजून मुलींना मान ताठ करून सांगत.

निघायच्या दिवशी मला भरून घेतले. मलाही कधी नव्हे तो हुरूप आला होता. सहा वर्षे शेडमधल्या एकाच खांबाला टांगून मीही शिणले होते.

इटारसीला गाडी बदलली. पुढच्या गाडीत तुफान गर्दी. खिडकी मिळाली नाही. मिळाली असती तर मला बाहेर टांगता आले असते आणि पुढचे काहीच घडले नसते. आनंदरावांनी मला वरच्या बाकाच्या साखळीला अडकवले. खाली एक वयस्क गृहस्थ डबा उघडून पुऱ्या खात बसले होते. गाडी हलली आणि माझा एक थेंब त्यांच्या डब्यात पडला. एकच.

त्यांनी वर पाहिले, हसले आणि विचारले, "कहाँ के हो भाई?"

"नागपूर के."

"कौन लोग हो?"

आनंदराव 'रेल्वे के लोग' म्हणू शकले असते. ते म्हणाले, "बौद्ध."

त्या गृहस्थांनी आणखी काही विचारले नाही. डब्याचे झाकण लावले आणि पुऱ्यांसकट तो पितळी डबा खिडकीतून बाहेर फेकून दिला. मग आपल्या तांब्यातल्या पाण्याने सावकाश हात धुतले. गाडीच्या डब्यातली बाकीची माणसे बाहेरची शेते पाहू लागली. आठ वर्षांच्या उत्पलाने विचारले, "बाबा, त्यांनी पुऱ्या काहून फेकल्या?" इंदूबाईंनी मला साखळीवरून काढून मांडीवर घेतले. त्यांचे लुगडे भिजत राहिले, पण त्यांनी मला खाली ठेवले नाही. मित्रांनो, मला त्या दिवशी माझ्या थेंबाची पहिल्यांदा लाज वाटली. लाज मला वाटायला नको होती, हे मला फार उशिरा उमगले.

रतलामला छोट्या लाइनची गाडी यायला चार तास होते. टळटळीत दुपार. आनंदराव उठले. त्यांनी ट्रंकेतून स्टोव्ह काढला, वाटी काढली आणि प्रवासासाठी घेतलेल्या चार मेणबत्त्या वाटीत मोडून टाकल्या. मला रिकामी करून उन्हात खडखडीत वाळवले. इंदूबाईंना त्यांचा बेत समजला.

"ऐका ना, ते बाबाराव म्हणले होते का..."

"एक थेंब नाही पडला पाहिजे आता! एक थेंब!"

तो आवाज आनंदरावांचा वाटत नव्हता. इंदूबाईंनी मग गरम वाटी पदराने धरून त्यांना मदतही केली. वितळलेले मेण चिंधीने माझ्या अंगावर फासले जात होते. इंजिनाचा सांधा भरावा तसे आनंदरावांनी माझी एकेक शिवण भरली. माझी सगळी भोके बुजत गेली, अंग ताठ झाले, जीव गुदमरला. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. तो डबा खिडकीतून जाताना मीही पाहिला होता.

मग त्यांनी मला पुन्हा भरले आणि दोरीला धरून हात लांब करून दहा मिनिटे उभे राहिले. खालची फरशी कोरडी ठणठणीत. "पाह्य," ते म्हणाले. "आता बोलू दे कोणाले बोलायचं ते." बाजूला बसलेल्या एका हमालाने "वाह मिस्त्रीजी!" म्हणून दाद दिली. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात निरर्थक शाबासकी.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या गावी पोचलो. वाळूच्या मैदानात तो डोंगर परातीत ठेवलेल्या गुळाच्या ढेपेसारखा एकटाच बसला होता. पायथ्याला सरकारी बाग होती. बाग म्हणजे काय, चार काटेरी झाडे, दोन बाकडी आणि चौकीदाराची झोपडी. वर जायला दगडात खोदलेल्या पायऱ्या होत्या. इंदूबाई धर्मशाळेच्या दारातून त्या डोंगराकडे पाहत उभ्या राहिल्या. चित्रापेक्षा तो मोठा होता. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी पूर्वी पाहिला नव्हता आणि नंतरही लवकर पाहिला नाही.

चढायचे ठरले ते तिसऱ्या दिवशी पहाटे. पण निघायला दहा वाजले. का, तर इंदूबाईंनी आधी पोळ्या लाटल्या, बटाट्याची भाजी केली, प्रवासातले कपडे धुऊन वाळत घातले, मुलींच्या वेण्या घातल्या आणि मला भरले. ज्या दिवशी त्यांना काही करायचे नव्हते, तो दिवस असा उजाडला.

चौकीदार म्हणाला, "बाबूजी, अब धूप चढ़ गई. शाम को जाना. और पानी मटके का ले लो."

आनंदराव हसले. "हम नागपूर के हैं. हमको धूप मत दिखाओ."

नागपूरच्या माणसाला तुम्ही काहीही बोला, तो ऐकून घेईल. पण दुसऱ्या कुठल्या गावचा पारा आपल्यापेक्षा वर गेला, हे त्याला खपत नाही. मेच्या उन्हात कानाला दुपट्टा बांधून आणि खिशात कांदा ठेवून तो सायकल हाणतो आणि वर त्याचा तोरा मिरवतो. पण तिथले ऊन वेगळे होते. अंगावर घाम दिसतच नसे. आतल्या आत माणूस आटत जाई आणि त्याला पत्ता लागत नसे.

आणि मी? मी आनंदरावांच्या खांद्यावर होते आणि तापत होते. वारा सुटला होता. एरवी अशा कोरड्या वाऱ्यात मी असे पाणी थंड केले असते की दात शिवशिवले असते. पण माझ्या अंगातून ओल बाहेर पडायला वाटच नव्हती. पहिल्या टप्प्यावर उत्पलाने घोट घेतला आणि थुंकला. "माय, हे तर गरम आहे! मेणबत्तीसारखं लागते." विशाखाने नाक धरून दोन घोट घेतले. आनंदराव प्यायले आणि त्यांनी तोंड वाकडे केले. गिलास इंदूबाईंपुढे आला.

"पोरींले ठेवा. मले तहान नाही."

दुसऱ्या टप्प्यावरही तेच. तिसऱ्यावरही तेच. डोक्यावर फराळाची पिशवी होतीच, ती त्यांनी कुणाला घेऊ दिली नाही.

वर पोचायला चाळीस-पन्नास पायऱ्या उरल्या असतील. मुली पुढे पळाल्या होत्या. इंदूबाई एका दगडावर बसल्या. आनंदराव म्हणाले, "चल, आलंच." त्या उठल्या नाहीत. त्यांचा चेहरा लालभडक झाला होता आणि कातडी भाजलेल्या पापडासारखी कोरडी. त्या म्हणाल्या, "स्टोव्ह बंद कर वं विशाखा. दूध उतू जाईन." मग पुन्हा, "कपडे काढा दोरीवरचे." त्यांना डोंगर दिसत नव्हता. वाळवंटात, भर उन्हात, बेशुद्ध होता होताही त्या घरातली कामेच करत होत्या.

आनंदरावांनी मला खांद्यावरून ओढले आणि माझ्या पोटावर तळहात ठेवला. हात लावून इंजिनाचा ताप ओळखणारा माणूस तो. त्या क्षणी त्यांना सगळे समजले. ते नखांनी माझ्यावरचे मेण खरवडू लागले. वेड्यासारखे खरवडत होते. पण मेण उन्हाने मऊ होऊन कापडात खोल मुरले होते. शेवटी त्यांनी माझ्यातले सगळे पाणी इंदूबाईंच्या डोक्यावर ओतले आणि मोठ्याने हाक मारली, "विशाखा!"

तेरा वर्षांची पोर त्या तापल्या पायऱ्यांवरून खाली धावत गेली. चौकीदार आणि त्याची बायको मटका घेऊन वर आले. त्या बाईने आपली ओढणी भिजवून इंदूबाईंच्या अंगाला गुंडाळली, थेंब थेंब पाणी ओठांवर सोडले. इंदूबाई कोण, कुठल्या, हे तिने विचारले नाही. मग खाटेवर घालून त्यांना खाली नेले. गावच्या डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतले. इंदूबाई वाचल्या. पण डोंगराचा माथा त्यांनी पाहिला नाही.

परतीच्या प्रवासात मी ट्रंकेच्या तळाशी होते.

त्यानंतरची वर्षे सांगण्यासारखी नाहीत, म्हणून लवकर सांगते. आनंदरावांनी मला घडी घालून स्वयंपाकघरात फेकले. भिंतीवरचे ते पान एक दिवस दिसेनासे झाले. कुणी काढले, कळले नाही. माझ्या पोटात भिवापूरच्या वाळलेल्या मिरच्या भरल्या गेल्या. गळत नव्हते ना मी, मग मिरच्यांना ओल लागायची भीती नव्हती. तेरा वर्षे मी तो ठसका सोसला. शेडमध्ये मातीचा माठ आला. "पुढच्या वर्षी जाऊ," असे आनंदराव सुरुवातीला म्हणत. पुढच्या वर्षीचा पास कुणाच्या तरी लग्नात जाई, त्याच्या पुढचा मयतीत. विशाखा नर्स झाली, दोघींची लग्ने झाली, आणि प्रत्येक लग्नात भांडी इंदूबाईंनीच मोजून लावली. त्या दिवसाबद्दल ते दोघे एकमेकांशी कधी बोलले नाहीत. त्यांनी दोष दिला नाही, यांनी माफी मागितली नाही.

१९८४ साली आनंदराव निवृत्त झाले आणि आम्ही सक्करदऱ्याला आलो. एक दिवस त्यांनी मला खाली काढले, मिरच्या रिकाम्या केल्या आणि बादलीत धुण्याचा सोडा टाकून मला उकळत घातले. ब्रशने घासले. पुन्हा उकळले. तीन दिवस त्यांचे हेच चालले होते. मेणाच्या तवंगाकडे पाहत त्यांनी विचारले, "ते बाबाराव काय म्हणले होते वं?"

इंदूबाई तांदूळ निवडत होत्या. "गळू द्या म्हणले होते."

"तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

"सांगून राहिली होती," त्या म्हणाल्या आणि पुन्हा तांदळात खडे शोधू लागल्या.

चौथ्या दिवशी मला भरून अंगणात टांगले. सकाळभर काही नाही. दुपारी माझ्या बुडाशी ओल आली, मग एक थेंब जमला आणि पडला. आनंदराव समोर खुर्ची टाकून बसले होते. इतक्या वर्षांत माझ्या गळण्याकडे त्यांनी पहिल्यांदाच कौतुकाने पाहिले. पण मी म्हातारी झाले होते, आणि तसे तेही.

पुढच्या फेब्रुवारीत ते दोघेच गेले. निवृत्तांनाही पास मिळतो. मला खिडकीबाहेर टांगले होते. चौकीदार नवा होता, बाग तीच. सकाळचे आठ वाजले होते आणि ऊन कोवळे होते. आनंदराव म्हणाले, "चल, हळूहळू जाऊ. मी धरतो." इंदूबाईंनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, मग गुडघ्यावर हात ठेवला आणि मान हलवली.

"नाही जमत आता. तुम्ही जा. मी बसते इथं."

आनंदराव वीसेक पायऱ्या चढले आणि थांबले. मग उतरून परत आले. तेवढ्यात इंदूबाईंनी बाकड्याखालचा पाला गोळा करायला घेतला होता.

"राहू दे वं. काही नको करू."

इंदूबाईंनी हात मांडीवर ठेवले. ते हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हते. आधी एकात एक गुंतवले, मग सोडले, मग पदराखाली घेतले. आनंदरावांनी मला काटेरी झाडाच्या फांदीला टांगले होते. त्यांनी बूच काढून गिलास भरला आणि इंदूबाईंपुढे धरला.

"आधी तुम्ही घ्या," त्या म्हणाल्या. "मले तहान नाही."

आनंदराव प्यायले नाहीत. गिलास खालीही ठेवला नाही. तसेच हात पुढे करून उभे राहिले. इंदूबाईंनी एकदा गिलासाकडे पाहिले, एकदा त्यांच्याकडे. मग घेतला. एका दमात प्यायल्या. आनंदरावांनी दुसरा भरला. तोही संपला. तिसरा. चौथा. मित्रांनो, चार गिलास! वीस वर्षे मी त्या बाईबरोबर राहिले आणि मला वाटत होते, हिला तहान लागत नाही.

रिकामा गिलास मांडीवर ठेवून इंदूबाई डोंगराकडे पाहत होत्या. "त्या दिवशीही लागली होती," त्या म्हणाल्या.

आनंदराव त्यांच्या शेजारी बाकड्यावर बसले. संध्याकाळपर्यंत दोघांनी काहीही केले नाही. पोळ्याही बाजारातून आणलेल्या होत्या आणि जाडजूड, करपलेल्या होत्या. इंदूबाईंनी त्यांना नावे ठेवत ठेवत त्या संपवल्या.

आता मी कुणाच्या उपयोगाची नाही. मला दुरुस्त करा, असेही मी म्हणणार नाही. माझे कापड टाका धरणार नाही. माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरात असे एक तरी माणूस असेल, जे सगळ्यांना पाणी देते आणि स्वतःला तहान नाही म्हणते. आज घरी गेल्यावर पहिला गिलास त्याच्या हातात द्या. आणि मित्रांनो, ते माणूस नको म्हणेल. म्हणू दे. ते पिईपर्यंत तुम्ही तिथून हलू नका.